चुना टाकू का वावरात?

पाथरी तालुक्यातल्या, कालव्याकाठच्या एका गावातली ही बोलणी आहेत. दिवाळीला भाचा मामाकडे आला होता. हा भाचा चिपळूणला नोकरीला असतो. मामा त्याला वावर दाखवायला घेऊन गेले. वावर चार एकरांचे. वरच्या अंगाचे रान बरे होते. कालव्याच्या बाजूचे दीड एकर मात्र बघवत नव्हते. कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा झाली नव्हती. मधे मधे जमीन उघडी पडली होती. पाऊस जाऊन महिना झाला तरी खालच्या कोपऱ्यात पाय रुतत होता. तिथून दहा पावलांवर जमीन दगडासारखी टणक.

भाचा म्हणाला, "मामा, आमच्या घरमालकांचं भाताचं खाचर आहे. त्यांनी त्यात चुना टाकला. कृषी खात्याच्या माणसानंच सांगितलं होतं. भात सुधारला. तुम्हीपण टाकून बघा की."

मामी मागून गवताचा भारा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "घराला लावायचा चुना वावराला?"

मामा काही बोलले नाहीत. पण रात्री त्यांनी मनाशी हिशेब केला. ते दीड एकर तीन वर्षे बियाण्याचे पैसेसुद्धा देत नव्हते. चुना काही फार महाग नाही. टाकून पाहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मोठी हरकत आहे. भाचा खोटे बोलत नव्हता. कोकणातल्या खाचरात चुन्याने पीक सुधारते, ही गोष्ट खरी. पण तोच चुना मामांच्या रानात पडला असता, तर रान आणखी बिघडले असते. एकाच वस्तूने एकीकडे भले आणि दुसरीकडे बुरे कसे होते, ते आज पाहू.

आंबट माती

चिमूटभर हळद पाण्यात कालवा. तिच्यात थोडा चुना घाला. हळद लाल होते. कुंकू याच रीतीने करतात, हे आयाबायांना माहीत आहे. आता त्या लाल हळदीवर लिंबू पिळा. ती पुन्हा पिवळी होते. म्हणजे लिंबू आणि चुना हे एकमेकांच्या उलट गुणांचे आहेत. लिंबू, चिंच, ताक यांच्या गुणाला आम्ल म्हणतात. चुना, धुण्याचा सोडा, राख यांच्या गुणाला अल्क म्हणतात.

मातीही अशीच असते. कुठे आम्ल, कुठे अल्क. ते मोजायचा एक आकडा आहे. त्याला सामू म्हणतात. सामू ७ असला तर माती इकडचीही नाही, तिकडचीही नाही. ७ च्या खाली आकडा गेला की माती आम्ल. ७ च्या वर गेला की अल्क. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात सामू चांगला मानवतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ८ आणि ९ यांत फरक एकाचाच दिसतो, पण अल्कपणा दहापट वाढलेला असतो.

कोकणात पाऊस फार. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि कुठे त्याहूनही जास्त. आपल्या परभणीकडे पडतो आठशे-नऊशेच्या आसपास. कोकणातला तो धो धो पाऊस हजारो वर्षे माती धूत आला. मातीतला चुन्याचा अंश पाण्याबरोबर वाहून समुद्राला गेला. मागे राहिली तांबडी माती आणि जांभा दगड. ही माती आम्ल असते. तिचा सामू पुष्कळ ठिकाणी ५ ते ६ च्या घरात सापडतो. कोल्हापूरच्या पश्चिमेचा घाटमाथा, सिंधुदुर्ग, गोवा इकडेही अशी माती आहे.

माती आंबट झाली म्हणून पिकाचे काय बिघडते? ताक किंवा चिंचेचे सार आपण अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवत नाही. आंबटाने भांड्याची धातू सुटते. हीच धातू मातीतही असते. एरवी ती गप्प पडून असते. माती फार आंबट झाली, सामू साडेपाचाच्या खाली गेला, की ती विरघळते आणि पिकाच्या मुळांची टोके मारते. मुळे आखूड राहतात. शिवाय आपण टाकलेले स्फुरदाचे खत अशी माती आवळून धरते. पीक उपाशी राहते. तिथे दळलेला चुनखडक किंवा शिंपल्याचा चुना टाकला की आंबटपणा मोडतो. मुळे मोकळी होतात. कोकणातले शेतकरी भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या राखेतही थोडा अल्कपणा असतोच. राब भाजायची कारणे आणखीही आहेत, पण ती आजची गोष्ट नव्हे.

दूर ब्राझील देशातली एक गोष्ट सांगतो. त्या देशात सेराडो नावाचा मोठा माळ आहे. माती तांबडी, आंबट. तिथे मोठी शेती होणार नाही, असेच लोक समजत होते. १९७० नंतरच्या काळात तिथे चुना आणि स्फुरद भरपूर टाकून जमीन सुधारली. आज त्या माळावर सोयाबीनची अफाट शेती आहे. या कामासाठी तिघा जणांना २००६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या परभणीतही सोयाबीनच मोठे पीक झाले आहे. पीक तेच. पण ते चुना टाकतात म्हणून आपण टाकायचा नाही.

आपली काळी

आपली माती काळ्या दगडाची झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वर आला, थरावर थर बसले, तोच हा काळा दगड. त्याची झीज होऊन काळी माती झाली. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठी ती पुरुषभर खोल आहे. जिंतूरकडच्या आणि गंगाखेडकडच्या डोंगराळ भागात उथळ. आपल्याकडे पाऊस बेताचा. त्याने चुन्याचा अंश वाहून गेला नाही. तो मातीतच राहिला. विहीर खणताना पांढरे पांढरे खडे निघतात ना? ती चुनखडी. एखादा खडा कुटून त्यावर लिंबू पिळून पाहा. बारीक बुडबुडे येतील.

म्हणजे आपल्या वावरात चुना आधीच आहे, आणि गरजेपेक्षा जास्त आहे. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ असतो. अशा रानात आणखी चुना टाकणे म्हणजे खाऱ्या आमटीत मीठ टाकणे.

या जास्तीच्या चुन्याचा त्रास चांगल्या रानातही दिसतो. श्रावणात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पीक लोहाला भुकेलेले असते. मातीत लोह भरपूर आहे, पण चुन्याने त्याला कुलूप लावले आहे. जस्ताचेही तेच. स्फुरदाचेही तेच. गंमत पाहा, कोकणातली आंबट माती स्फुरद अडवते आणि आपली चुनखडीची मातीही अडवते. रोग एक, कारणे उलट, म्हणून औषधही उलट.

कुलूप उघडायची किल्ली म्हणजे शेणखत. खत कुजताना मातीत सौम्य आम्ल तयार होते. त्याने लोह, जस्त, स्फुरद सुटे होतात. म्हणून हिराकस किंवा झिंक सल्फेट नुसते मातीत भिरकावू नये. ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून काही दिवस ठेवावे, मग रानात द्यावे. नुसते टाकले तर चुनखडी त्यालाही कुलूप लावते.

कालवा आला तेव्हा

आता मामांच्या दीड एकराकडे वळू. ते रान साध्या चुनखडीपुरते बिघडलेले नव्हते. त्याचा रोग वेगळा होता.

पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले, त्याचे लोकार्पण १९७६ साली झाले. त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात येतो. पाण्याने पुष्कळांचे भले झाले. कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पण काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. कालवा झिरपला, पाटाचे पाणी मोकाट दिले, आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही, तर जमिनीखालचे पाणी वर चढते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी माती ते पाणी वर ओढते. पाणी उन्हाने उडून जाते. त्यातले क्षार मागे राहतात. दरवर्षी थोडे थोडे साठतात.

अशा बिघडलेल्या जमिनी दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांत गल्लत करू नये.

पहिली खारवट. उन्हाळ्यात वर पांढरा मिठासारखा थर येतो. पण माती भुसभुशीत असते. तिला औषध नको, धुणे हवे. चर काढा, बांध घाला, चांगले पाणी साठवा. पाण्याबरोबर क्षार खाली उतरतात आणि चरातून निघून जातात.

दुसरी चोपण. हिच्यात सोडियम शिरलेला असतो. मिठात आणि धुण्याच्या सोड्यात असतो तोच हा सोडियम. काळ्या मातीचे कण मुळातच फार बारीक. चुन्यातले कॅल्शियम त्या कणांना एकमेकांशी धरून ठेवते, म्हणून रवाळ माती होते आणि तिच्यातून पाणी जाते, हवा जाते. सोडियमने कॅल्शियमला हुसकावले की कण सुटे होतात. ओल आली की रान लोण्यासारखे चोपडे. वाळले की वर कडक पापुद्रा. बी उगवत नाही. वर पाणी साचते आणि वीतभर खाली माती कोरडीच. सामू साडेआठाच्या वर जातो. मामांचे रान हे असे होते.

घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. एका स्वच्छ बाटलीत मूठभर वाळलेली माती आणि पावसाचे पाणी घ्या. विहिरीचे किंवा बोअरचे घेऊ नका, त्यात क्षार असतात. दुसऱ्या बाटलीत चांगल्या रानातली माती घेऊन तसेच करा. दोन्ही हलवा आणि रात्रभर ठेवा. चांगल्या रानाची माती खाली बसते, वर पाणी निवळते. चोपण रानाचे पाणी सकाळीही गढूळच राहते. यावरून नुसता संशय येतो. औषध किती द्यायचे ते बाटली सांगत नाही. त्याला माती परीक्षण हवे.

जिप्सम म्हणजे चुना नव्हे

तुम्ही म्हणाल, कॅल्शियम पाहिजे तर मग चुना का नको? त्यात कॅल्शियमच आहे की. बरोबर. पण चुनखडी अशा अल्क मातीत विरघळतच नाही. दगडासारखी पडून राहते. आणि कळीचा चुना टाकला तर सामू आणखी वर चढतो. जिप्सममध्येही कॅल्शियम आहे, पण ते गंधकाच्या क्षाराबरोबर जोडलेले. जिप्सम एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम विरघळतो. तेवढे पुरते. त्यातले कॅल्शियम सुटते, मातीच्या कणाला जाऊन चिकटते आणि सोडियमला बाहेर काढते. बाहेर पडलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. त्याला रानाबाहेर जायला वाट मात्र ठेवली पाहिजे. चर नसला तर तो उन्हाळ्यात पुन्हा वर येतो आणि जिप्समचे पैसे मातीत जातात.

म्हणून आधी चर, मग जिप्सम. उतार पाहून दोन हात खोल चर काढावा आणि तो ओढ्यापर्यंत न्यावा. रान सपाट करून बांध घालावेत. उन्हाळ्याच्या शेवटी जिप्समची बारीक भुकटी सारखी पसरावी आणि वरच्या चार-सहा इंच मातीत वखराने मिसळावी. खोल नांगरून गाडू नये. शेणखत बरोबर दिले तर काम चांगले होते. पाऊस पडला की पाणी रानात अडवावे आणि खाली मुरू द्यावे. एकरी किती जिप्सम लागेल ते परीक्षणाचा कागद सांगतो. टनाच्या हिशेबात लागतो, पिशवी-दोन पिशव्यांनी चोपण सुधारत नाही. पैसे कमी असतील तर सगळ्या रानात थोडा थोडा शिंपडू नये. अर्धा एकर घ्यावे आणि तेवढे नीट करावे.

त्या पावसाळ्यात धैंचा पेरावा. एकरी पंधरा ते वीस किलो बी. हे पीक चोपण रानातही तग धरते. दीड महिन्यात फुलावर येते, तेव्हा नांगरून गाडावे. त्याची मुळे कडक थर फोडतात. ते कुजताना जे आम्ल तयार होते, त्याने आपल्याच मातीतली चुनखडी थोडी थोडी विरघळते. म्हणजे घरातलेच कॅल्शियम कामाला लागते. धैंचा मिळाला नाही तर बऱ्या रानात ताग चालतो. पुढे ज्वारी, गहू, कपाशी अशी सोसणारी पिके घ्यावीत. मूग, उडीद, हरभरा, तूर यांची घाई करू नये. ही पिके क्षार सोसत नाहीत.

आणि ज्यांचे रान चांगले आहे, त्यांनी जिप्समच्या नादी लागू नये. हल्ली गावात जीप घेऊन लोक येतात. 'जमीन भुसभुशीत करणारी' बाटली विकतात. कोणती जमीन, सामू किती, काही विचारत नाहीत. जो नाडी न पाहता औषध देतो, त्याच्याकडून आपण मुलाला औषध घेऊ का?

उकिरड्याकडे पाहा

चांगल्या रानाला काय हवे? सेंद्रिय कर्ब. आपल्या पुष्कळ रानांत तो शंभर किलो मातीत जेमतेम अर्धा किलो उरला आहे. आपल्याकडचे ऊन तो जाळते, आणि आपण परत देत नाही. शेण चुलीत, सोयाबीनचे भुसकट बांधावर पेटवलेले. कोरडवाहू रानाला एकरी चार-पाच गाड्या कुजलेले शेणखत दरवर्षी मिळावे. जनावरे कमी झाली, एवढे शेण आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. त्याला एक उत्तर इंदूरला निघाले होते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या साहेबांनी तिथे काडीकचऱ्याचे खत करण्याची रीत बसवली. ती रीत त्यांनी आपल्या इकडच्या शेतकऱ्यांचे आणि चीनमधल्या शेतकऱ्यांचे पाहूनच शोधली. दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, थोडी माती, गोठ्यातले मूत. पुन्हा थर. ओल राखायची आणि तीन वेळा वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळे, वास नसलेले खत. थोड्या शेणात पुष्कळ कचरा कुजतो. उकिरडा उघड्यावर ठेवला तर निम्मा कस उन्हाने आणि पावसाने जातो. वर सावली करा, एवढे तरी कराच.

पिशवी आणि कागद

माती तपासायला द्यायची ती मे महिन्यात, खत टाकण्याआधी. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याच्या जागेची घेऊ नये. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्या. वरचा काडीकचरा बाजूला सारून एक वीत खोल खड्डा करावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. सगळी एकत्र कालवून सावलीत वाळवावी. तिचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. कापडी पिशवी स्वच्छ हवी, खताच्या गोणीचा तुकडा चालणार नाही. चांगले रान आणि बिघडलेले रान यांच्या पिशव्या वेगळ्या. विहीर किंवा बोअर असेल तर पाण्याचीही बाटली द्यावी. कित्येकदा क्षार पाण्यातूनच येतात.

आत चिठ्ठी घालायची. नाव, गाव, गट नंबर, मागचे पीक, पुढचे पीक. परभणीला १९१८ सालापासून शेतीचे प्रयोग चालत आले आहेत. १९७२ साली तिथे कृषी विद्यापीठ झाले. पिशवी कुठे द्यायची ते गावचा कृषी सहायक सांगेल. परत येतो तो कागद म्हणजे जमीन आरोग्य पत्रिका. २०१५ सालापासून ती देशभर देतात. तिच्यात आकडे पुष्कळ असतात. आधी तीनच ओळी शोधा. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मग लोह आणि जस्त.

मामांनी चुना आणला नाही. मामी म्हणाल्या, "आधी माती तपासा. चुना कुठं पळून जात नाही." मे महिन्यात दोन पिशव्या गेल्या. कागद आला तो मामींनी वाचला, कारण साक्षरतेच्या वर्गाला त्याच जात होत्या. वरच्या रानाचा सामू ८.१. कालव्याकडचा ८.९. जिप्समला पैसे लागलेच, पण खरी अडचण निघाली चराची. चर शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागणार होता. त्याला दोन महिने राजी करावे लागले. शेवटी त्याचेही खालचे रान चिबड होते, म्हणून तो कबूल झाला आणि खोदाईचा निम्मा खर्च त्याने दिला.

पहिल्या वर्षी धैंचासुद्धा विरळ आला. मामा हिरमुसले. दुसऱ्या वर्षी दाट आला. रब्बीत अर्ध्या एकरात ज्वारी उभी राहिली, कणीस लहान, पण कणीस होते. खालचा कोपरा अजून तसाच आहे. या मे महिन्यात मामींनी पुन्हा दोन पिशव्या भरल्या. चिठ्ठी त्यांनीच लिहिली. 'कालव्याकडचे रान. दीड एकर. मागचे पीक ज्वारी. दोनदा धैंचा गाडला आहे.'